डावा हात

कादंबरीकार सलमान रश्दींवर झालेल्या हल्ल्याबद्दल बोलताना बहुतेक सगळे त्यांच्या उजव्या डोळ्यापाशी येऊन थांबतात. ते साहजिकही आहे. चष्म्याची एक काच काळी केलेला तो चेहरा एकदा पाहिला की विसरला जात नाही. माझं लक्ष मात्र पहिल्या दिवसापासून त्यांच्या डाव्या हातावर होतं. नोकरीची सगळी वर्षं मी हातांवर काम केलं. कापलेले, चिरडलेले, भाजलेले, टाके घालून आलेले हात पुन्हा कामाला लावायचे, हा माझा व्यवसाय. हँड थेरपिस्ट म्हणतात आम्हाला. त्यामुळे हल्ल्याच्या रात्री त्यांच्या एजंटने सांगितलेलं 'एक डोळा बहुधा जाईल, हाताच्या नर्व्ह (मज्जातंतू) तुटल्या आहेत, यकृताला इजा आहे' हे वाक्य वाचलं, तेव्हा मी मधल्या तुकड्यावरच अडकले. कुठली नर्व्ह? किती वर तुटली? टेंडनही, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्याही, गेले असतील का? आणि पेशंटचं वय पंचाहत्तर.

काय घडलं ते बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. १२ ऑगस्ट २०२२. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला शटॉक्वा इन्स्टिट्यूशन नावाचं जुनं व्याख्यानस्थळ आहे. तिथल्या मंचावर रश्दी बसले होते. शेजारी होते हेन्री रीस, देशोधडीला लागलेल्या लेखकांना पिट्सबर्गमध्ये आसरा देणाऱ्या 'सिटी ऑफ असायलम'चे सहसंस्थापक. बोलण्याचा विषयही तोच होता, लेखकांना सुरक्षित जागा मिळण्याचा. प्रेक्षकांतून एक चोवीस वर्षांचा तरुण उठला आणि चाकू घेऊन धावत वर आला. 'द सॅटॅनिक व्हर्सेस' या कादंबरीवरून रश्दींना ठार मारा, असा इराणच्या खोमेनींनी काढलेला फतवा फेब्रुवारी १९८९चा, म्हणजे हा मुलगा जन्मायच्या कितीतरी आधीचा. तो दूर खेचला जाईपर्यंत सत्तावीस सेकंद गेली. रीस स्वतः जखमी झाले तरी भिडले. प्रेक्षकांतले लोक धावून आले, कुणीतरी रश्दींच्या गळ्यावरच्या जखमेवर अंगठा दाबून धरला आणि रक्त थोपवलं. मग हेलिकॉप्टरने पेनसिल्व्हेनियातल्या एरी शहरात.

एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या 'नाइफ' या पुस्तकात रश्दींनी हे सगळं लिहिलं आहे. समोरून येणाऱ्या माणसाला अडवायला त्यांनी डावा हात वर केला आणि चाकू हातात घुसला. सगळे टेंडन तुटले, बहुतेक नर्व्ह तुटल्या.

हे वाचताना मला एक बाई आठवल्या. शाळेत शिकवायच्या. घरातल्याच माणसाने कोयता उगारला आणि त्यांनी तोंडापुढे हात धरला. असे हात आम्ही बरेच पाहतो. यंत्रात सापडलेला हात वेगळा दिसतो, काचेवर पडलेला वेगळा. अडवायला वर गेलेल्या हाताची जखम तळव्याच्या बाजूला आडवी असते आणि ती पाहिली की काही विचारावं लागत नाही. हात विचार करून वर जात नाही, तो आपसूक जातो. चेहरा आणि गळा वाचवायचा आणि स्वतः कापून घ्यायचं, हे हात माणसाला न विचारता ठरवतो. रश्दींनी मात्र आपण का झगडलो नाही, का पळालो नाही, असा प्रश्न स्वतःला विचारला आहे, आणि त्याचा त्यांना त्रास झालेला दिसतो. मला त्यांना सांगावंसं वाटतं की तुमचा डावा हात झगडला. त्याने त्याचं काम चोख केलं.

आता हाताच्या आत काय असतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचे महिने कळत नाहीत. बोटं वळवण्याची मोठी ताकद बोटांत नसतेच. ते स्नायू कोपराखाली असतात आणि तिथून लांबच लांब टेंडन मनगटातून, तळव्यातून बोटांच्या टोकापर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारखे. मनगटाच्या एका अरुंद बोगद्यातून बोटं आणि अंगठा वळवणारे नऊ टेंडन जातात आणि त्यांच्यासोबत एक मोठी नर्व्ह. तुटलेला टेंडन सर्जन शिवतो. इथे लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे सुटलो. खरी परीक्षा नंतर असते. शिवलेला टेंडन हलवलाच नाही तर आजूबाजूच्या मांसाला चिकटतो आणि बोट कायमचं ताठ राहतं. जास्त हलवला तर टाक्यातून सुटतो आणि पुन्हा ऑपरेशन. या दोहोंच्या मधली वाट फार अरुंद आहे, आणि त्या वाटेवरून पेशंटला सहा आठवडे रोज चालवणं म्हणजे आमचं काम.

त्यासाठी स्प्लिंट करतो, म्हणजे हात ठरलेल्या कोनात धरून ठेवणारा आधार. प्लास्टिकचा एक पातळ तक्ता असतो. गरम पाण्यात बुडवला की मिनिटाभरात मऊ पडतो. तो पुसून, स्वतःच्या मनगटावर लावून फार गरम नाही ना हे पाहून पेशंटच्या हाताच्या पाठीवर ठेवायचा आणि बोटांनी दाबत दाबत बसवायचा. कोन आपणच द्यायचा, म्हणजे हात सरळ होऊन टाक्यावर ताण येणार नाही. चार-पाच मिनिटांत तो कडक होतो. तेवढ्या वेळात तुम्ही त्या माणसाचा हात दोन्ही हातांत धरून बसलेले असता. हल्ला झालेली माणसं या चार-पाच मिनिटांत बोलतात. त्या बाई बोलल्या नव्हत्या. दाराकडे पाठ करून बसायचं नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मी खुर्ची फिरवली. पुढे त्या आल्या की खुर्ची आधीच फिरवलेली असायची.

एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. अशा माणसांच्या बाबतीत 'जिद्द' हा शब्द फार वापरतात. काय जिद्द आहे, मरणाच्या दारातून परत आला! आमच्या खोलीत जिद्दी पेशंट म्हणजे काळजीचं कारण. 'दहा वेळा' सांगितलं तर तो पन्नास वेळा करतो. स्प्लिंट काढून मूठ वळते का बघतो. बादली उचलून बघतो. टेंडन तुटतात ते अशांचे. बरे होतात ते कंटाळवाणं काम ठरलेल्या मापात, ठरलेल्या वेळी, दिवसामागून दिवस करणारे. 'आज फरक दिसत नाही' हे ऐकूनही उद्या येणारे. रश्दींच्या पुस्तकातलं मला सगळ्यात भावलेलं ते हेच आहे. मोठमोठ्या वाक्यांच्या मधेमधे तो कंटाळवाणा भाग त्यांनी लपवलेला नाही. जवळपास सहा आठवडे दोन रुग्णालयांत, आधी एरी, मग न्यूयॉर्कमधलं पुनर्वसन केंद्र. वजन इतकं उतरलेलं की ओळखू येऊ नये. डोळा कोरडा पडू नये म्हणून पापणी शिवून टाकली, त्या वेळच्या वेदनेबद्दल तर त्यांनी वाचकाला सरळ सल्लाच दिला आहे की शक्य असेल तर हे टाळा. आणि मग महिनोन्महिने हाताची थेरपी. ती दुखते. मी स्वतः दुखवलं आहे लोकांना, रोज, त्यांच्या संमतीने. माणसं ओरडतात, रडतात आणि पुढच्या वेळी पुन्हा हात पुढे करतात.

नर्व्हचं गणित आणखी संथ असतं. तुटलेली नर्व्ह जोडली की लगेच संवेदना येत नाही. जोडाच्या पलीकडचा भाग आधी मरतो आणि मग वरच्या बाजूने नवा तंतू वाढत येतो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटाच्या आसपास तुटली असेल तर बोटाच्या टोकापर्यंत पोचायला सहा महिने सहज लागतात, वय जास्त असेल तर आणखी. आम्ही बोटाने त्या मार्गावर टिचक्या मारत जातो. जिथे टिचकीला बोटांत करंट गेल्यासारखं वाटतं, तिथपर्यंत नर्व्ह आली. तिथे पेनने खूण करायची. महिन्याभराने खूण पुढे सरकलेली दिसली की पेशंटचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण बरं होणं त्याला पहिल्यांदाच डोळ्यांना दिसलेलं असतं.

म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये, हल्ल्याला सहा महिने होत असताना, रश्दींची 'न्यू यॉर्कर'मधली मुलाखत आली तेव्हा मी ती रिपोर्ट वाचावा तशी वाचली. अंगठा आणि तर्जनीला संवेदना आहे, तळव्याच्या खालच्या अर्ध्या भागाला आहे, थेरपी बरीच चालू आहे, उरलेल्या बोटांच्या टोकांना संवेदना नसल्यामुळे टाइप नीट करता येत नाही. मी मोठ्याने 'छान' म्हणाले. अंगठा आणि तर्जनी म्हणजे चिमूट. चिमूट आली म्हणजे अर्धा हात आला. पंचाहत्तरीत एवढ्या जखमेनंतर हे कमी नाही.

पण बधिर बोटांच्या बाबतीत आम्ही पेशंटला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवतो, की आता हाताचं काम डोळ्यांनी करायचं. बधिर बोट गरम भांड्याला टेकलं तरी कळत नाही, भाजल्याचा वास आल्यावर कळतं. पेन्सिल हातातून सुटली तरी कळत नाही. तेव्हा हाताकडे बघत राहायचं. त्या बाईंचं मोठं दुःख फळ्यावर लिहिण्याचं नव्हतं, लिहायचा हात शाबूत होता. दुःख ब्लाउजच्या हुकाचं होतं. हुक समोर असूनही बोटांना दिसत नाही, असं त्या म्हणायच्या. आम्ही आरशासमोर उभं राहून हुक लावायचा सराव करायचो. नजर बोटांच्या जागी काम करायला शिकते, शिकवली तर.

आणि रश्दींचा एक डोळा गेलेला. दोन डोळे असले की मेंदूला अंतर नेमकं कळतं, एका डोळ्याने तो अंदाज चुकतो. पेल्यात पाणी ओतताना ते पेल्याच्या बाहेर पडतं, जिना उतरताना पायरी कुठे संपते ते कळत नाही, रस्ता ओलांडताना त्या बाजूने येणारं वाहन दिसतच नाही. याबद्दल त्यांनी मुलाखतींत सांगितलं आहे, आणि डोळा गेल्याचं दुःख रोज होतं असंही सांगितलं आहे. म्हणजे ज्या हाताला नजरेचा आधार हवा, त्या माणसाची नजरच निम्मी. एवढंच बरं की गेला तो उजवा डोळा आणि बधिर झाला तो डावा हात. उरलेल्या डोळ्याच्या बाजूलाच तो हात आहे. बाजू उलट असती तर त्या हाताकडे बघायला प्रत्येक वेळी मान वळवावी लागली असती. बाहेरच्यांना हे फार बारीक वाटेल. ज्याला शर्टाचं बटण लावायचं असतं त्याला हे बारीक नसतं.

लेखकाच्या हाताचा विचार करताना मला नजीब महफूज आठवतात, इजिप्तचे, १९८८च्या नोबेलचे. त्यांच्यावर १४ ऑक्टोबर १९९४ला कैरोत घराबाहेर हल्ला झाला. वय ब्याऐंशी. मित्रांच्या ठरलेल्या बैठकीला जायला ते गाडीत बसत होते. एक तरुण जवळ आला. कुणी वाचक भेटायला आला असेल असं त्यांना वाटलं, आणि त्याने मानेत चाकू खुपसला. कारण एका कादंबरीचं होतं, पस्तीस वर्षांपूर्वी, १९५९ मध्ये 'अल-अहराम'मध्ये क्रमशः छापून आलेल्या. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. वार मानेवर आणि दुखणं हाताचं, हे अनेकांना कोडं वाटतं. हाताच्या सगळ्या नर्व्ह मानेतूनच निघतात, खांद्याकडे येतात आणि मग दंडात उतरतात. मानेत लागलं की हात जाऊ शकतो.

महफूज आयुष्यभर सरकारी नोकरी सांभाळून ठरलेल्या वेळी टेबलाशी बसून लिहिणारे. तीन-तीन खंडांचा पसारा उभा केलेला माणूस. नोबेल मिळवलेल्या या माणसाने वहीत अक्षरं गिरवायला घेतली, शाळेतल्या पोरासारखी, स्वतःचं नाव, साधी वाक्यं. पुढे हात दिवसातून थोडा वेळ चालू लागला, तेव्हा त्यांनी त्या थोड्या वेळात मावेल असं लिहिलं, म्हणजे स्वप्नं. एकेक स्वप्न काही ओळींचं, फार तर पानभर. 'नकाहतीच्या काळातली स्वप्नं' अशा अर्थाच्या नावाने ती कैरोतल्या एका साप्ताहिकात येत राहिली. नकाहत म्हणजे आजारातून उठतानाचे दिवस. नंतरची काही त्यांनी तोंडी सांगून लिहवून घेतली. ऑगस्ट २००६ मध्ये ते गेले, तोवर हे चालू होतं. मी ती इंग्रजीतून वाचली. गल्ली, जुनं घर, मेलेले मित्र, पोलीस, कधी न भेटलेली बाई, सगळं येतं आणि पुढे काय होणार असं वाटतं तिथे संपतं. समीक्षक त्याबद्दल बरंच सांगतील. मला त्यात हाताचा दम दिसतो. इथे हात थकला, इथे थांबले. थकलेल्या हाताला जेवढं झेपतं तेवढ्या मापाची गोष्ट शोधणं हे कादंबरीकारासाठी किती मोठं काम आहे! मी थेरपिस्ट म्हणून हेच शिकवत आले, हातात आज आहे तेवढ्यात काम बसवा. पण कुणी ते इतक्या उंचीवर नेलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

रश्दींचं अडलं ते फक्त बोटांपाशी नाही. 'न्यू यॉर्कर'च्या त्याच मुलाखतीत त्यांनी सांगितलं की लिहायला बसतो आणि काही होत नाही, रिकामपण असतं किंवा कचरा, जो दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. वाईट स्वप्नं पडत होती. हल्ल्याच्या आधीही त्यांना स्वप्न पडलं होतं, रोमन आखाड्यात कुणी भाला घेऊन अंगावर आल्याचं, आणि झोपेतच त्यांनी हातपाय झाडले होते. पत्नी एलायझा, ज्या स्वतः कवी आहेत, त्या पूर्ण वेळ सोबत होत्या. पुस्तकाचा मोठा भाग त्यांच्याबद्दलच आहे आणि तसाच असायला हवा. ज्या घरात एक माणूस उठवून बसवणारं असतं, त्या घरातले हात लवकर चालतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्या पुस्तकातलं एक प्रकरण मला आवडलं नाही. हल्लेखोराशी त्यांनी एक काल्पनिक संवाद लिहिला आहे. का लिहिला ते कळतं. या माणसाने आपली दोनेक पानंच वाचली होती, मग त्याला नेमकं काय हवं होतं, हा प्रश्न कुणालाही पोखरेल. पण त्या संवादात तो तरुण फार बोलतो. त्या बाईंना लोक विचारायचे, माफ केलं का? त्या म्हणायच्या, 'मला अजून हुक लागत नाही.' हे मला जास्त खरं वाटतं. रश्दींनीही दुसऱ्या जागी तेच केलं आहे. वर्षभराने एलायझांना घेऊन ते शटॉक्वाला परत गेले, जिथे पडले होते तिथे मंचावर स्वतःच्या पायांवर उभे राहिले. ते मोजकं वर्णन मला त्या सगळ्या संवादापेक्षा जड वाटतं.

पुढे खटला चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये रश्दी साक्षीला आले, ज्युरीपुढे चष्मा काढून डोळा दाखवला. खुनाच्या प्रयत्नात आरोपी दोषी ठरला आणि मे महिन्यात त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेच्या दिवशी रश्दी कोर्टात नव्हते. त्या सुमारास त्यांचं लक्ष पुन्हा गोष्टींकडे वळलं होतं. 'नाइफ' आधी लिहून संपवल्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'द इलेव्हन्थ अवर' आलं, पाच कथांचं, हल्ल्यानंतर त्यांनी लिहून पूर्ण केलेलं पहिलं कथासाहित्य. मोठी कादंबरी न येता आधी कथा आल्या, याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

मुलाखत घेणारे त्यांना अजूनही भीतीबद्दल, धर्माबद्दल, अमेरिकेबद्दल विचारतात. विचारावंच. पण कुणीतरी एकदा टाइप करण्याबद्दल विचारा. इंग्रजी कीबोर्डवर, शाळेत शिकवतात तसं टाइप केलं, तर 'एस' डाव्या अनामिकेच्या वाट्याला येतो आणि 'ए' डाव्या करंगळीच्या. सलमान हे नाव याच दोन अक्षरांनी सुरू होतं. ती दोन बोटं आता कामाला लागली आहेत, की त्यांचं काम तर्जनीने उचललं आहे? आणि दिवसातून किती वेळ बसल्यावर तळवा दुखायला लागतो? या प्रश्नांना त्यांच्याकडे नक्की उत्तर असेल, आणि मला वाटतं ते आनंदाने सांगतील.